चष्मा घालवायचं लेझर (पीआरके): १० महिन्यांनंतरचा माझा अनुभव

डोळ्यांचं लेझर करून मला आता १० महिने झाले. दुसऱ्या आठवड्यात लिहिलं असतं तर ५ पैकी २ स्टार दिले असते आणि तिसऱ्या महिन्यात डोळे झाकून ५ दिले असते, म्हणून मुद्दामच थांबले. आज साडेचार देते, अर्धा का कापला ते पुढे सांगते. हॉस्पिटल पुण्यातलं आहे, नाव टाकत नाहीये. ऑपरेशन १०-१५ मिनिटांचं असतं, पण त्याच्या आधी तपासणी कशी होते आणि नंतर घरी काय काय होतं हे कोणी नीट सांगत नाही आणि खरी गंमत नाही तर खरी फसगत तिथेच होते, म्हणून तेच लिहिते.

माझा नंबर उजवा मायनस ५.५, डावा मायनस ५, दोन्हीला थोडा सिलिंडर. चौथीत चष्मा लागला तेव्हापासून सकाळी डोळे उघडले की पहिला हात उशीशेजारी चष्मा शोधायला जायचा. पावसात गाडी चालवताना काचेवर थेंब, थांबून ओढणीने पुसायचं, पुन्हा थेंब. ज्यांना एवढा नंबर आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. गेली ६ वर्षं ऑफिसला लेन्स घालत होते पण संध्याकाळी डोळे लाल व्हायला लागले, मग विचार केला की बास, आता एकदाचं करून टाकू. वय २८, नंबर दोन वर्षं हललेला नाही. नंबर किमान वर्षभर स्थिर हवा आणि वय १८ च्या पुढे हवं. गरोदर असाल किंवा बाळाला दूध पाजत असाल तर थांबावं लागतं, कारण त्या काळात नंबर बदलतो.

पहिल्यांदा एका दुसऱ्याच सेंटरला गेले होते. तिथे २० मिनिटांत तपासणी झाली, त्याच दिवशी सकाळी लेन्स घातलेल्या होत्या तरी कोणी काही बोललं नाही, आणि लगेच काउन्सेलर ताईंनी कागद पुढे केला की आज बुकिंग केलंत तर १० हजार डिस्काउंट. मी आईला फोन केला तर आई म्हणाली, "अगं डोळे आहेत ते, साडीचा सेल आहे का? घरी ये आधी." आले घरी. आईचं ते एक वाक्य माझ्या फार उपयोगी पडलं.

कारण दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर कळलं की लेन्समुळे कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, आकार दाबला गेलेला असतो, त्यावर काढलेली मापं चुकू शकतात. म्हणून सॉफ्ट लेन्स किमान एक-दोन आठवडे बंद ठेवायच्या आणि मगच तपासणी करायची, हार्ड लेन्स असतील तर त्याहून जास्त दिवस. त्यांनी मला अपॉइंटमेंट द्यायच्या आधी फोनवरच हे विचारलं. तुम्हाला एखाद्या ठिकाणी हा प्रश्न विचारला नाही तर मी म्हणेन तिथून सरळ बाहेर पडा.

तपासणीला ३ तास लागले. पेंटाकॅम म्हणून मशीन असतं, त्यात हनुवटी टेकवून बसायचं, ते कॉर्नियाचा नकाशा काढतं, किती जाड आहे, कुठे फुगीर आहे सगळं रंगांत दिसतं. यातून केराटोकोनस आहे का ते बघतात, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे यायचा आजार, तो असेल किंवा व्हायची शक्यता दिसत असेल तर लेझरने अजून बिघडतं. मग डोळ्यात पाणी किती तयार होतं ते बघायला खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून ५ मिनिटं बसवलं, माझी १४ मिलीमीटर ओली झाली, ती ठीक म्हणे. शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) तपासला. त्यानंतर ४-५ तास मोबाईलवरचं अक्षर वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही, त्यामुळे स्वतः गाडी घेऊन जाऊ नका, कोणाला तरी सोबत न्या. ही पडद्याची तपासणी अजिबात सोडू नका. माझ्या मैत्रिणीच्या पडद्याच्या कडेला पातळ जागा निघाली, तिला आधी तिथे वेगळं लेझर करून ती जागा पक्की करून घ्यावी लागली आणि मग तिचं नंबरचं ऑपरेशन झालं.

मग डॉक्टरांनी समोर बसवून चक्क पेनने कागदावर हिशोब मांडला. माझा उजवा कॉर्निया ४८८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) जाड. साधारण लोकांचा ५४० च्या आसपास असतो. लॅसिक या लेझरच्या पद्धतीत वरचा एक पापुद्रा कापून पुस्तकाचं पान उलटावं तसा बाजूला करतात, तो ११० धरा. नंबर घालवायला लेझर जो भाग उडवणार तो अंदाजे ८५. म्हणजे ४८८ मधून १९५ गेले, उरले २९३. अडीचशेच्या खाली जायचं नाही ही जुनी मर्यादा, पण हल्ली बरेच डॉक्टर ३०० च्या खाली जायला तयार नसतात, आणि पुन्हा एकूण जाडीच्या ४० टक्के भागाला हात लागतोय, तेही धोक्याच्या काठावर. स्माईल या आणखी एका पद्धतीत पापुद्रा उलटत नाहीत, आतल्या आत एक पातळ चकती तयार करून २ ते ४ मिलीमीटरच्या चिरेतून काढून घेतात, पण त्यात थोडा जास्तच भाग जातो. डॉक्टर म्हणाल्या, "लॅसिक केलं तर दुसऱ्या दिवशी खूश होशील, पण मला तुझ्या पुढच्या ३० वर्षांची काळजी आहे. तुला पीआरके." पीआरकेमध्ये फक्त वरचा ५० मायक्रॉनचा नाजूक थर काढतात, जो ४-५ दिवसांत आपोआप पुन्हा येतो, म्हणजे खाली ३५३ शिल्लक. पापुद्राच नाही त्यामुळे तो सरकायची भीती कधीच नाही. त्याची किंमत म्हणजे दुखतं आणि नजर सावकाश येते.

महागडं पॅकेज बाजूला ठेवून स्वस्तातलं ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टर, त्यांच्यासाठी माझे तीन स्टार तिथेच पक्के झाले. दोन्ही डोळ्यांचे मला ४८ हजार पडले, तपासणी आणि ड्रॉपचे वेगळे. इन्शुरन्समधून मिळतील या भ्रमात राहू नका, हेल्थ पॉलिसीत साधारणपणे ७.५ पेक्षा कमी नंबरच्या ऑपरेशनचा खर्च देत नाहीत.

ऑपरेशन डिसेंबरमध्ये केलं. परफ्यूम, मेकअप काही लावून जायचं नाही, आदल्या दिवशी केस धुऊन घ्यायचे. बधिर करणारे थेंब घातले की इंजेक्शन वगैरे काही नसतं, तुम्ही पूर्ण जागे. पापण्यांना क्लिप लावली तेव्हा ताण जाणवला पण दुखलं नाही. एका छोट्या रिंगमध्ये औषध ठेवून मग वरचा थर एका बोथट हत्याराने बाजूला सारला, ते दिसतं, म्हणजे काचेवरचं वाफेचं पाणी कोणीतरी पुसतंय आणि काच अजूनच धूसर होतेय असं. "बाळा, हिरव्या दिव्याकडेच बघायचं हं, हलायचं नाही." टकटकटक असा आवाज सुरू झाला आणि केस जळल्यासारखा वास आला. माझ्या पोटात गोळाच आला, मी दोन्ही हातांनी चादर घट्ट धरून ठेवली. ३० सेकंदांत संपलं. मग बर्फासारखं गार पाणी, औषधात भिजवलेला स्पंज आणि वर बँडेज लेन्स, म्हणजे जखम झाकायला घालतात ती कॉन्टॅक्ट लेन्स. दुसरा डोळा तसाच.

वासाचं नंतर विचारलं तर कळलं की काही जळत नसतं. या लेझरची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर, ती कॉर्नियातले रेणूंचे बंध तोडते आणि तो भाग उडून जातो, शेजारी उष्णता जवळजवळ पोचतच नाही. हे ज्यांनी शोधलं त्यांच्यातले एक रंगस्वामी श्रीनिवासन, मद्रास विद्यापीठात शिकलेले, १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमला असताना त्यांनी सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर हा लेझर चालवून बघितला होता. हे वाचलं तेव्हा मला इतकं भारी वाटलं की आईलाही वाचून दाखवलं. हा वास येणार आहे एवढं जरी आधी सांगितलं असतं तर मी तेवढी घाबरले नसते. तुम्हाला सांगून ठेवते.

आता घरचं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी रात्रीपासून सुरू झालं ते तिसरा दिवस पूर्ण, डोळ्यात कोणीतरी वाळू घालून चोळतंय असं, पाणी थांबत नाही, खोलीचा पडदा ओढलेला, वर चादर लावलेली तरी दाराखालून येणारा उजेड टोचत होता. मोबाईल बंद. आई दर दोन तासांनी यायची, आधी साबणाने हात धुवायची, मग माझी पापणी खाली ओढून थेंब टाकायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायची नाही. दोन वेगळ्या औषधांमध्ये ५-१० मिनिटं जायला हवीत म्हणून स्वयंपाकघरातलं घड्याळच उचलून खोलीत आणलं होतं. मी झोपेत डोळे चोळीन या भीतीने ती रात्रभर माझा हात धरून बसली. तुमच्याकडे असं कोणी नसेल तर पीआरके एकट्याने करू नका, पहिले ४ दिवस माणूस लागतंच.

आणि अर्धा स्टार इथेच गेला. तिसऱ्या रात्री मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी नंबरवर ३ वेळा फोन केला, कोणी उचलला नाही. सकाळी उचलला तेव्हा म्हणाले हे नॉर्मल आहे. असेलही, पण रात्री पावणेदोनला ते मला कोणी सांगायला हवं होतं ना? आणि काउन्सेलरनी ऑफिसला ३ दिवसांची सुट्टी पुरे म्हणून सांगितलं होतं, ती लॅसिकवाल्यांना पुरते, पीआरकेवाल्यांनी १० दिवस तरी काढाच. आणखी एक, दुखतं म्हणून बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून घरी घालायचा विचारही करू नका, त्याने जखम भरत नाही, उलट कॉर्नियाची वाट लागते.

पाचव्या दिवशी बँडेज लेन्स काढली. मला वाटलं आता स्वच्छ दिसणार. छे! नवीन थर चारही बाजूंनी येऊन मध्ये जुळतो आणि तिथे सुरुवातीला उंचवटा राहतो, त्यामुळे सगळं धूसर आणि डबल. तेव्हा मी खरंच रडले, की आपण ४८ हजार घालून हे काय करून घेतलं. डॉक्टर म्हणाल्या धीर धर. दहाव्या दिवशी घड्याळातले काटे, पंधराव्या दिवशी टीव्हीवरची पट्टी, आणि विसाव्या-बाविसाव्या दिवशी स्वारगेटला उभी होते तर समोरून येणाऱ्या बसचा नंबर ती वळायच्या आधीच वाचला. चष्मा नाही, लेन्स नाही. तिथेच उभी राहून मागून येणाऱ्या प्रत्येक बसची पाटी वाचत बसले, माझी बस निघून गेली.

डोळ्यात पाणी जायला नको म्हणून आठवडाभर डोक्यावरून आंघोळ नाही, महिनाभर पोहणं नाही, बाहेर पडताना चांगला यूव्ही गॉगल हवाच, नाहीतर पीआरकेनंतर कॉर्नियावर धूसर डाग येऊ शकतो. होळीला मी घरातच बसले. स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत अडीच महिने चालले, ते मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका, त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून दर व्हिजिटला दाब मोजून घ्या.

कोरडेपणा मात्र मला सगळ्यात जास्त दिवस पुरला. लेझरने कॉर्नियातल्या बारीक नसा जातात, त्या परत यायला महिने लागतात, तोवर डोळ्याला पाणी कधी हवंय तेच नीट कळत नाही. ऑफिसचा एसी आणि ८ तास कॉम्प्युटर, दुपारी ४ नंतर पापणी डोळ्याला चिकटल्यासारखी वाटायची. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले एकदाच वापरायच्या छोट्या कुपीतले थेंब घ्या, महाग पडतात पण दिवसातून ६-७ वेळा घालायचे तर तेच बरे. मला सहाव्या महिन्यानंतर फरक पडला, आता दिवसातून एखाद वेळ लागतात. रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसायची तीही बरीच कमी झालीत, पण हायवेला पाऊस असेल तर अजूनही जाणवतात.

आणखी दोन गोष्टी ज्या काउन्सेलर सांगत नाहीत. एक, चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागणारच, तो वेगळ्या कारणाने लागतो, डोळ्यातलं भिंग ताठर होतं म्हणून, लेझरचा त्याच्याशी संबंध नाही. आणि नंबर गेला तरी डोळा आतून लांबटच राहतो, त्यामुळे पडद्याचा धोका तसाच, वर्षातून एकदा पडदा दाखवायचा. अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखे चमकारे दिसले तर त्याच दिवशी पळायचं. दोन, ऑपरेशनच्या आधीची सगळी मापं, पेंटाकॅमचे रंगीत कागद, जुना नंबर, हे हॉस्पिटलकडून मागून घ्या. म्हातारपणी मोतीबिंदू होईल तेव्हा आत कोणत्या नंबरचं भिंग बसवायचं हे काढताना लेझर झालेल्या डोळ्याचं गणित चुकू शकतं, तेव्हा हे जुने कागद कामाला येतात. माझी फाईल आईने कपाटात तिच्या दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलीय.

आता धाकट्या भावाला करायचंय. त्याची तपासणी २ आठवड्यांनी आहे, त्याच हॉस्पिटलला, त्याच डॉक्टरांकडे. लेन्स काल रात्रीपासून बंद केल्यात, आणि यावेळी अपॉइंटमेंट घेतानाच मी डॉक्टरांकडून रात्री उचलला जाईल असा एक नंबर लिहून घेतलाय.