इतिहासाच्या बी.ए.ला कोणती शिष्यवृत्ती धरावी? सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी

बारावीचा निकाल लागला की आमच्या विभागात मुलं येतात आणि दारातूनच विचारतात, "सर, इतिहास घेतला तर स्कॉलरशिप बसते का?" मी त्यांना आधी बसवतो आणि एक गोष्ट सांगतो. पदवीला मिळणारा बहुतेक पैसा विषय बघून मिळत नाही. तो घरचं उत्पन्न, प्रवर्ग, बारावीचे गुण, वडिलांची नोकरी आणि गाव सोडून राहावं लागतं का, हे बघून मिळतो. विषय बघून मिळतात ती पारितोषिकं, आणि त्यांत रक्कम थोडी असते. म्हणून दोन खाती वेगळी धरा. एक तीन वर्षांच्या खर्चाचं, दुसरं इतिहासाच्या कामाचं. पहिल्या खात्यात एकच बळकट योजना पुरते. दुसऱ्यात मात्र जितकं कराल तितकं कमीच.

आधी खर्चाचं. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या योजना यांत.

केंद्राची योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची. देशभरात वर्षाला 82,000 नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी 12,000 रुपये थेट खात्यावर येतात, म्हणजे एकूण 36,000. पुढे एम.ए.ला गेलात तर दरवर्षी 20,000. इथे पात्रतेसाठी 80 पर्सेंटाइल लागतात, 80 टक्के नव्हेत. तुमच्या शाखेत, तुमच्या बोर्डात जी मुलं बसली त्यांच्यात तुम्ही वरच्या वीस टक्क्यांत आहात का, एवढंच बघतात. कला शाखेची तुलना कला शाखेशीच होते, सायन्सवाल्यांच्या गुणांशी नाही. माण तालुक्यातली एक विद्यार्थिनी "मला ऐंशी टक्के नाहीत" म्हणून अर्ज न भरताच बसली होती. तिला हा फरक शेवटच्या आठवड्यात कळला. असं कितीजणींचं होत असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

या योजनेची उणी बाजूही सांगायला हवी. राज्याच्या वाट्याला आलेल्या जागा विज्ञान, वाणिज्य आणि कला यांत 3:2:1 या प्रमाणात वाटल्या जातात. कलेच्या वाट्याला सहापैकी एकच जागा येते. त्यामुळे पात्र ठरणं आणि निवड होणं यांत अंतर राहतं. शिवाय दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी वार्षिक परीक्षेत किमान 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. उसाच्या हंगामात घरच्या कामाला महिना-महिना थांबणाऱ्या मुलांची गाडी या हजेरीवरच अडते. आणि मुख्य म्हणजे ही शिष्यवृत्ती घेतली तर दुसरी घेता येत नाही.

आता महाडीबीटी. खुल्या गटातल्या आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, म्हणजे केंद्राच्या योजनेपेक्षा बरीच सैल. गुणांची चुरसही नाही. पण नावातच लिहिलंय तसं ती शिक्षण शुल्काची आहे. अनुदानित कॉलेजात बी.ए.चं शिक्षण शुल्क मुळातच थोडं असतं, त्यामुळे सवलतही थोडीच होते. इंजिनिअरिंगला गेलेल्या चुलतभावाला याच योजनेत किती मिळाले, त्यावर तुमचा अंदाज बांधू नका. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कला शाखेत वरच्या वीस टक्क्यांत असाल, तर माझं मत केंद्राच्या योजनेला. निवड झाली नाही तर शाहू महाराज शिष्यवृत्ती आहेच. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर प्रश्नच मिटला, महाडीबीटी भरा.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र हा हिशेब उलटा होतो, आणि इथे चुकीचा सल्ला फार महागात पडतो. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं, वर निर्वाह भत्ता. साध्या पदवीसाठी तो घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला 3,000 आणि वसतिगृहात राहणाऱ्याला 6,000 आहे. हा आकडा केंद्राच्या 12,000 पुढे लहान दिसतो आणि मुलं तिकडे वळतात. पण त्यांच्या नजरेतून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना निसटलेली असते. गाव सोडून शिकायला आलेल्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना जेवण, निवास आणि निर्वाहासाठी ती पैसे देते. साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 आणि तालुक्याच्या ठिकाणी 38,000. मॅट्रिकोत्तरचा निर्वाह भत्ता त्यातून वजा होतो. तरीही फलटणहून किंवा जतहून येऊन खोली करून राहणाऱ्या मुलासाठी याच्या जवळपास जाणारी दुसरी योजना मला ठाऊक नाही. आधी वसतिगृहाचा अर्ज करायचा, तो क्रम चुकवू नका. जागा मिळाली नाही याचाच आधार पुढे लागतो. कॉलेज ज्या गावात आहे तिथलेच रहिवासी असाल तर स्वाधार बसत नाही, मग मॅट्रिकोत्तर आणि केंद्राची यांत तुलना करायला अर्थ आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सावित्रीबाई आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळं सांगायला नको.

साताऱ्यात फौजेवर बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत तिथे माजी सैनिकांची मुलं वर्गात असणारच. त्यांच्यापुढे दोन नावं येतात आणि बहुतेकजण चुकीचं धरतात. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेची रक्कम मोठी आहे, पण ती व्यावसायिक पदव्यांसाठी आहे. बी.ए. इतिहास त्यात बसत नाही. तुमच्या कामाचं आहे ते केंद्रीय सैनिक बोर्डाचं शैक्षणिक अनुदान. हवालदार किंवा त्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन अपत्यांपर्यंत, पदवीपर्यंत, महिन्याला 2,000 रुपये (नोव्हेंबर 2025 च्या आधी 1,000 होते). वर्षाचे 24,000 होतात, म्हणजे केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या दुप्पट, आणि पर्सेंटाइलची अट नाही. फरक वेळेचा आहे. वर्ष पास झाल्यावर त्या वर्षाचे पैसे मिळतात, त्यामुळे जूनमध्ये प्रवेशाला ते हाताशी नसतात. अर्ज ऑनलाइन, पण एकदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वडिलांसोबत जाऊन या. डिस्चार्ज बुकातलं तुमचं नाव आणि मार्कलिस्टवरचं नाव जुळत नसेल तर ते तिथेच लक्षात येतं.

खासगी शिष्यवृत्त्यांपैकी मी एकच सुचवतो, रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती. कोणतीही शाखा चालते, बारावीला 60 टक्के, कुटुंबाचं उत्पन्न 15 लाखांपर्यंत, पण अडीच लाखांच्या आतल्यांना प्राधान्य. पदवीच्या काळात मिळून दोन लाखांपर्यंत मदत मिळते. देशभरातून वर्षाला 5,000 जणांची निवड होते आणि आधी ऑनलाइन अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. त्यात भाषा, तर्क आणि आकडेमोड असते, इतिहास नसतो. फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो. दुसऱ्या वर्षी आठवण आली तर उपयोग नाही. इथे आशा ठेवा, पण घरचा हिशेब तिच्यावर मांडू नका.

दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत शासन परीक्षा शुल्क माफ करतं. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळची मुलं ही सवलत हमखास विसरतात.

आणि कमवा व शिका. ही शिष्यवृत्ती नाही, पण निर्णय घेताना तिच्याशी तुलना करायलाच हवी. 1919 साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. 1924 साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं आणि 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. 1947 साली शिवाजी कॉलेज उभं राहिलं तेही श्रमातून शिक्षण याच विचारावर. आजही अनेक कॉलेजांत ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काही तास काम करून पैसे मिळतात. इतिहासाच्या मुलाला ग्रंथालयातलं काम मिळालं तर माझ्या दृष्टीने तो दुहेरी लाभ. जुनी नियतकालिकं कुठल्या कपाटात आहेत हे त्याला प्राध्यापकांच्या आधी कळतं.

आता दुसरं खातं, म्हणजे पारितोषिकं. विद्यापीठात इतिहास विषयात पहिलं येणाऱ्याला जी बक्षिसं मिळतात त्यांसाठी अर्ज नसतो, गुणच बोलतात. बहुतेक बक्षिसं कुणीतरी कधीकाळी ठेव ठेवून सुरू केलेली असतात आणि व्याजातून दिली जातात, म्हणून रक्कम जुन्या काळातली वाटते. पदवीदान समारंभात नाव पुकारलं जातं, आईवडील टाळ्या वाजवतात, बायोडेटात एक ओळ कायमची येते. त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण ते अख्ख्या विद्यापीठातून एकाला मिळतं, आणि त्यासाठी जो अभ्यास लागतो तो प्रश्नपत्रिकेचा.

'आविष्कार' वेगळं आहे. कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने 2006 पासून चालत आलेली ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा. मानव्यविद्या, भाषा आणि ललितकला असा तिचा एक गट आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची पातळी स्वतंत्र आहे, त्यामुळे पीएच.डी.वाल्यांशी झुंजायचं नसतं. कॉलेजमार्फत नाव जातं, जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य. पोस्टर लावायचं आणि परीक्षकांसमोर उभं राहून बोलायचं. मोठी रक्कम इथेही नाही. तरी पदक आणि आविष्कार यांत एकाच गोष्टीवर जोर लावायचा असेल तर मी आविष्कार म्हणेन, कारण हरलात तरी केलेलं काम तुमच्याजवळ उरतं. मुलाखतीत, एम.ए.च्या प्रवेशात, पुढच्या संशोधनात तेच दाखवायचं असतं. नव्या शैक्षणिक धोरणातल्या फील्ड प्रोजेक्टलाही तोच विषय घेता आला तर एका मेहनतीत दोन कामं होतात.

विषय निवडताना मात्र मुलं फसतात. 'मराठेशाहीतील स्त्रिया' असं काहीतरी आभाळाएवढं घेतात आणि चार पुस्तकांतून उतरवून आणतात. परीक्षक पहिल्याच प्रश्नात विचारतो, "यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलं?" आणि मूल गप्प होतं. आपल्या दोन जिल्ह्यांत हाताला लागेल असा इतिहास पावलोपावली आहे. औंध संस्थानाने 1939 साली गावाच्या हाती कारभार देणारी घटना स्वीकारली आणि त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत सुरू झाली. छोडो भारत चळवळीतला 9 सप्टेंबर 1942 चा वडूजचा मोर्चा आहे. 1943 साली शेणोलीजवळ अडवलेली रेल्वे आणि इंग्रजांना न जुमानता गावोगावी कारभार चालवणाऱ्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं आहेत. त्या काळात आजचा सांगलीचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता, म्हणून कुंडल आणि कराडची मुलं हा विषय एकत्र करू शकतात. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. एखाद्या कारागीर घराण्याच्या तीन पिढ्यांच्या मुलाखती घेतल्या तरी प्रकल्प उभा राहतो. सांगलीच्या ज्या घरांनी 2005 आणि 2019 चा कृष्णेचा महापूर पाहिला, त्यांच्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा हासुद्धा पुरावाच आहे.

यासाठी जुन्या कागदांची मोडी लिपी आली तर सोन्याहून पिवळं. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, वाईत इतिहासकार वि. का. राजवाड्यांना सापडलेली कागदपत्रं, मिरजेत इतिहासकार वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून केलेलं काम, हे सगळं त्या लिपीतूनच आलं. पुराभिलेख संचालनालय आणि काही इतिहास विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतात. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत वर्ग करा, दुसऱ्या वर्षी गावातल्या एखाद्या जुन्या घरी कागद आहेत का ते विचारा. हात जोडून विचारा, पेटी त्यांची आहे. मूळ कागद मागू नका, तिथेच बसून फोटो घ्या, आणि लावलेल्या वाचनाची प्रत त्यांना परत द्या. माझ्या एका विद्यार्थ्याने असं केलं तेव्हा त्या घरच्या आजींनी त्याला दुसरी पेटीही उघडून दाखवली.

कागदपत्रांचं थोडक्यात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. निकालानंतर सेतूत रांग लागते, म्हणून तो आधीच काढा. जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, शिधापत्रिका, आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. खातं 'लिंक आहे' आणि 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) मॅप आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बँकेत दुसरी विचारा. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनला पडतो. तिथून पुढे गेला का, हे आठ दिवसांनी कार्यालयात जाऊन नम्रपणे विचारायचं. मी शिकत होतो तेव्हा माझा एक अर्ज एका कार्यालयात वर्षभर पडून राहिला, कारण मी विचारलंच नाही. त्या वर्षाची फी वडिलांनी म्हैस विकून भरली.