पिलर्स ऑफ इटर्निटी: फॅन्सनी दिलेल्या नावांचं काय झालं?

पिलर्स ऑफ इटर्निटी हा कॉम्प्युटरवरचा रोल-प्लेइंग गेम परत खेळायला घेतलाय. गेम मस्तच आहे, त्याबद्दल बरंच लिहून झालंय, म्हणून इथे फक्त फॅन्सनी गेममध्ये टाकलेल्या नावांबद्दल लिहितो. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओने 2012 मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून वर्गणी गोळा करायच्या साइटवर, 11 लाख डॉलर मागितले आणि लोकांनी जवळपास 40 लाख दिले! ज्यांनी जास्त पैसे भरले त्यांना गेममध्ये स्वतःचं पात्र टाकायला मिळालं, नाव आणि छोटीशी गोष्ट त्यांचीच, आणि काहींना गेममधल्या स्मृतिशिलेवर चार ओळी लिहायला मिळाल्या.

आता 2015 मध्ये गेम आला तेव्हा झालं काय, की गिल्डेड व्हेल हे अगदी सुरुवातीचं गाव, मधोमध झाडाला प्रेतं लटकतायत, वातावरण एकदम जड, आणि तिथेच सोनेरी नावाच्या पट्ट्या घेऊन फॅन्सची ही पात्रं उभी. आपण वॉचर, म्हणजे लोकांच्या आत्म्यात डोकावू शकतो, म्हणून ह्यांच्यावर क्लिक केलं की मागच्या जन्माची वगैरे गोष्ट वाचायला मिळते. काही गोष्टी खरंच छान लिहिल्यात पण मेन स्टोरीशी त्यांचा काहीच संबंध नाही, आणि नवीन माणसाला हे कोण सांगणार, तो बिचारा प्रत्येकाचं वाचत बसतो, वाटतं पुढे क्वेस्ट (एखादी कामगिरी) मिळेल, आणि मग कंटाळून गेमच सोडतो. माझ्या दोन मित्रांनी ह्याच कारणाने सोडला आणि मला त्याचं खूप वाईट वाटतं कारण पुढे एडेर, ड्युरन्स यांच्यासारखी काय जबरदस्त पात्रं आहेत! तेव्हा सरळ सांगतो, सोनेरी नाव दिसलं की पुढे चला.

स्मृतिशिलांचं तसं नाही, त्या वाटेत येत नाहीत, वाचायच्या तर वाचा. पण तिथेही एका शिलेवरची वात्रट कविता ट्रान्स लोकांची टिंगल करणारी निघाली, लोकांनी तक्रार केली आणि पॅचमध्ये (गेमच्या नंतरच्या अपडेटमध्ये) ती बदलली गेली. फॅन्सकडून मजकूर घ्यायचा तर प्रत्येक ओळ कोणीतरी नीट वाचलीच पाहिजे, ते काम स्टुडिओचंच.

सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र एंडलेस पाथ्स. किकस्टार्टरवर जसजसे बॅकर (पैसे देणारे) वाढत गेले तसतसे ह्या तळघराचे मजले वाढत गेले, शेवटी 15 झाले! कोणाचंच नाव कुठे लिहिलेलं नाही तरी हजारो लोकांचा हातभार तिथे पायाखाली जाणवतो, आणि मला विचाराल तर फॅन्सना सामील करून घ्यायचं तर असं.

गेमला 5 पैकी साडेचार, सोनेरी पट्ट्यांना 2. घेणार असाल तर डेफिनिटिव्ह एडिशनच घ्या, त्यात व्हाइट मार्च ह्या गेमच्या पुरवणीचे दोन्ही भाग येतात.