६२० गेमवाला टीव्ही गेम, दिवाळीपासून वापरतोय, खरं काय ते सांगतो

ऑनलाइन घेतला, हजाराच्या आत मिळाला, बॉक्सवर कंपनीचं नाव शोधून सापडत नाही. आत तळहाताएवढा करडा डबा, वायरवाले दोन रिमोट, एव्ही वायर आणि अडॅप्टर. कॅसेट लावायची सोयच नाही, गेम सगळे आतच, त्यामुळे फुंकर मारायचा कार्यक्रम बंद.

आधी त्या ६२० चं बघू. मेनूत नावं ६२० आहेत, गेम नाहीत. एकच गेम तीन नावांनी येतो, कित्येक तर कुठलेतरी चायनीज, एकदा उघडून परत कोणी बघणार नाही असले. कामाचे पंधरा-वीस धरा, मारिओ, रोड फायटर, सर्कस चार्ली, एक्साइट बाईक, बॅटल सिटी म्हणजे आपला टँक, आणि एवढ्यासाठी पैसे वसूल आहेत असं माझं मत. आत स्वस्तातली मेमरी असते त्यामुळे सगळे छोटे गेम भरतात. १९८५ चा पहिला मारिओ अख्खा ४० केबीचा आहे, व्हॉट्सअ‍ॅपवरचा गुड मॉर्निंग फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. मारिओ ३ जवळजवळ दहापट, ३८४ केबी, तो माझ्या पीसमध्ये नाही. डक हंट आहे पण बंदूक नाही, आणि असती तरी एलसीडीवर चालली नसती, ती जुन्या काचेच्या टीव्हीच्या टायमिंगवरच चालते.

आता एक गंमत. पहिल्याच दिवशी वाटलं की मारिओ जास्तच पळतोय, म्हटलं आपलं वय झालं. पण तसं नाहीये, नव्वदीत आपल्याकडे पाल (आपल्याकडची टीव्ही सिग्नलची पद्धत) टीव्हीसाठी बनवलेले जे डबे यायचे ते सेकंदाला ५० फ्रेमने चालायचे आणि मूळ जपानी मशीन, म्हणजे निन्टेन्डो कंपनीचं १९८३ चं फॅमिकॉम, ६० ने. माझा पीस ६० वर चालतो. म्हणजे आपण लहानपणी जो खेळलो तोच स्लो होता, म्युझिकसकट! सवय व्हायला आठवडा जातो, उड्या सगळ्या चुकतात.

आवाजात मात्र डब्याने माती खाल्ली आहे. सर्किटवरच्या डांबरासारख्या काळ्या थेंबाखाली अख्खं मशीन एका चिपमध्ये बसवलेलं असतं, आणि या कॉपी चिपांपैकी बऱ्याच चिपांमध्ये आवाजाच्या लहरींच्या दोन सेटिंगची अदलाबदल झालेली असते. त्यामुळे सूर बरोबर लागतो पण आवाजाचा पोत बदलतो, नाकात बोलल्यासारखा. ज्याने फक्त असले डबेच वाजवलेत त्याला कळणारही नाही, ओरिजिनल ऐकलेल्याला पहिल्या मिनिटात खटकतं. गर्दी झाली की कॅरेक्टर लुकलुकतात तो मात्र डब्याचा दोष नाही, मूळ मशीनच एका आडव्या ओळीत ८ पेक्षा जास्त स्प्राइट (हलणाऱ्या आकृत्यांचे तुकडे) दाखवू शकत नाही.

टीव्हीचं सेटिंग करा, प्लीज. नवीन टीव्ही हा जुना सिग्नल आपल्या परीने सुधारायला जातो आणि बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडतो. गेम मोड चालू केला की बराच फरक पडतो. एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर लावून पाहिला, चित्र मोठं आणि फिकट, उशीर आणखी वाढला, काढून ठेवला. घरात जुना डबा टीव्ही असेल तर देऊन टाकू नका.

रिमोट ही खरी रड. होळीच्या आसपास एकाचं उजवं बटण जोरात दाबल्याशिवाय चालेना. उघडलं तर आत रबराची शीट, तिच्यावर काळे कार्बनचे ठिपके, खाली पट्टीवर चिकट काळपट थर. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, चालू झालं, पण स्प्रिंगसारखा तो टणकपणा काही परत आला नाही. पिन ९ वाली असल्यामुळे सुटे रिमोट मिळतात, एक जोडी मागवून ठेवा.

गेम सेव्ह होत नाही. लाइट गेली की गेलं. निन्टेन्डोने स्वतः २०१६ मध्ये छोटं क्लासिक एडिशन काढलं होतं, ३० गेम, प्रत्येकात सेव्हच्या ४ जागा, एचडीएमआय, तो खरा माल, आणि हे इथलं सगळं पायरेटेड आहे हे लपवण्यात अर्थ नाही.

तरीपण डबा रोज लागतो, कारण टँक. बायकोला गेमचं काहीही पडलेलं नव्हतं, आता तीच रिमोट घेऊन बसते. टर्बो बटणाने (दाबून ठेवलं की आपोआप भराभर दाबलं जातं ते) गोळ्या काही वाढत नाहीत, साधा टँक असेल तर आधीची फुटल्याशिवाय पुढची सुटतच नाही, पण विटांच्या भिंतीला चिकटून उभं राहिलं की धडाधड रस्ता होतो. आपल्याच पार्टनरला गोळी लागली की तो काही सेकंद जागेवर गोठतो, आणि इथूनच भांडणं सुरू होतात, "मुद्दाम मारलीस ना?" कन्स्ट्रक्शन मोडमध्ये, म्हणजे आपला नकाशा आपणच बनवायचा तिथे, तिने वाचवायच्या गरुडाभोवती तिन्ही बाजूंनी लोखंड लावून ठेवलं, याला चीटिंग म्हणतात असं मी म्हटलं तर म्हणे ऑप्शन दिलाय ना, मग.

एकट्याने खेळणार असाल तर फोनवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं ॲप) टाका, सेव्ह तरी होईल. दोघं असाल तर घ्या, आणि पार्सल आलं की पहिल्यांदा दोन्ही रिमोटची सगळी बटणं तपासा, रिटर्नची मुदत संपायच्या आत.