सुरू होताना रोज डिस्क तपासणी: कळ दाबून पुढे जावं, तपासणी होऊ द्यावी, केबल बदलावी, की डिस्कच?

महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, आणि कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह सी' दाखवत ११ टक्क्यांवर अडून बसलेला. अशा वेळी माणूस जो उपाय सर्वांत लवकर आटपेल तोच धरतो. मी सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे हिशेब लिहितो. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागातल्या बऱ्याच ऑफिसांत माझं येणं-जाणं असतं. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय की कोणता उपाय कधी घ्यावा, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. ज्यांना आज-उद्या निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी ते इथे मांडतो.

आधी तपासणी का होते ते बघू. विंडोजला फाइल-व्यवस्थेत, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याच्या वहीत, काही विसंगती आढळली की ती त्या ड्राइव्हवर एक खूण करून ठेवते. तिला 'डर्टी बिट' म्हणतात. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना ही खूण दिसली की तपासणी आपोआप चालू होते, आणि दुरुस्ती नीट पार पडली की खूण पुसली जाते. लाईट गेली की दरवेळी ही खूण पडतेच असं नाही. एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची फाइल-व्यवस्था. तिच्या ड्राइव्हवर फाइल-व्यवस्थेतल्या बदलांची नोंद आधी ठेवली जाते, त्यामुळे साधं अचानक बंद पडणं ती बहुधा पचवते. म्हणून एखाद्या दिवशी तपासणी झाली तर काळजीचं कारण नाही. रोज होत असेल, तर रोज कोणीतरी नवी खूण पाडतंय, आणि ते कोण हे शोधल्याशिवाय खर्च करू नये.

कोणताही मार्ग धरा, त्याआधी डेटाची प्रत काढा. टॅलीप्राइममध्ये, म्हणजे हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमध्ये, ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या, आणि तो पेनड्राइव्हवर घ्या, त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर नको. सी आणि डी ही बहुतेक ऑफिसांत एकाच डिस्कची दोन नावं असतात, हे शेठ लोकांना मी किती वेळा सांगितलं असेल! टॅलीप्राइमचा डेटा बदल न केल्यास सी ड्राइव्हवरच, 'युजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये बसतो. माझ्या माहितीतल्या एका कारखान्याने मशीन दुरुस्तीला दिलं, तिथे कोणी न विचारता सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, आणि चार महिन्यांच्या सुताच्या खरेदीच्या नोंदी गेल्या. बिलांच्या फायली उपसून त्या परत भरायला आम्हाला पाच रविवार लागले.

दोन मिनिटांची परीक्षा

प्रत झाली की 'सीएमडी' ही आज्ञा टाइप करायची विंडो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'एफएसयुटिल डर्टी क्वेरी सी:' ही आज्ञा द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. उत्तर 'नॉट डर्टी' आलं आणि तरीही रोज तपासणी होत असेल, तर कधीतरी लावलेली तपासणीची वर्दी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, अडकून राहिलेली असू शकते. त्यावर 'सीएचकेएनटीएफएस /डी' ही आज्ञा मूळ व्यवस्था परत आणते. इथेच प्रश्न मिटला तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

उत्तर 'डर्टी' आलं तर डिस्कची तब्येत बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं. वरचा 'गुड' किंवा 'कॉशन' हा शब्द बघून थांबू नका, खालच्या यादीतले तीन आकडे बघा. ०५ म्हणजे डिस्कने खराब ठरवून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे जे वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय असे सेक्टर. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेत बिघडलेली देवाणघेवाण, आणि ती वाट म्हणजे केबल. हे आकडे सुरुवातीला सोळाच्या मोजणीत दिसतात, म्हणून '२ए' असं काही दिसलं तर गोंधळू नका, ते ४२ आहेत. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा. पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा तो वाढतोय का, हे जास्त महत्त्वाचं.

कळ दाबून पुढे जाणं

तपासणी सुरू होण्याआधी काही सेकंद मिळतात, तेवढ्यात कोणतीही कळ दाबली की ती टळते. कायमची टाळायची असेल तर 'सीएचकेएनटीएफएस /एक्स सी:' ही आज्ञा आहे. खर्च शून्य, वेळ शून्य. पण खूण तशीच राहते आणि बिघडलेल्या फाइल-व्यवस्थेवर तुम्ही नवं लिहीत राहता. रिटर्न भरायला दोन तास उरलेत आणि डेटाची प्रत पेनड्राइव्हवर आहे, तर एक दिवस खुशाल कळ दाबा. /एक्स मात्र मी कोणाच्याही मशीनवर लावत नाही. लावणारा विसरून जातो, आणि सहा महिन्यांनी टॅली 'डेटा एरर' दाखवते तेव्हा धोक्याची घंटा कोणी काढून ठेवली होती हे कोणाला आठवत नाही.

तपासणी एकदा पूर्ण होऊ देणं

यात दोन प्रकार आहेत आणि दुरुस्तीवाले बरेचदा ते एकच समजतात. 'चेकडिस्क /एफ' (टाइप करताना 'सीएचकेडीएसके') फाइल-व्यवस्थेची वही तपासते, तीन टप्प्यांत: फायली, त्यांच्या अनुक्रमणिका आणि परवानग्यांच्या नोंदी. चांगल्या डिस्कवर हे काम बहुधा थोडक्या वेळात उरकतं. 'चेकडिस्क /आर' त्यापुढे जाऊन डिस्कचा प्रत्येक भाग वाचून बघते. एक टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचली तरी दहा हजार सेकंद लागतात, म्हणजे पावणेतीन तास, तेही डिस्क निरोगी असेल तर. खराब सेक्टर लागला की ती तिथेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि टक्का हलत नाही.

आता हे आपल्याकडच्या परिस्थितीत बसवून बघा. ऑफिसातला ६०० व्हीएचा युपीएस, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, आणि ती दोन उन्हाळे पत्र्याखाली काढलेली. पारा ४२-४३ वर गेला की अशी बॅटरी लवकर म्हातारी होते. लाईट गेल्यावर ती पाच मिनिटंही धरत नाही. /आर तीन तास चालणार आणि मध्ये वीज गेली तर दुरुस्ती अर्धवट. म्हणून /एफ दिवसा चालवा, आणि /आर चालवायचीच असेल तर इन्व्हर्टर असलेल्या घरी नेऊन रात्री.

त्याहून महत्त्वाचं: सी५ वाढत असेल तर /आर चालवूच नका. जी डिस्क अखेरच्या घटका मोजतेय तिला सगळ्या गल्ल्या पळत फिरून यायला लावण्यासारखं आहे ते. उरलेलं आयुष्य डेटा बाहेर काढण्यात खर्चायचं. आणि मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, असेल तर /आरचा फारसा उपयोगच नाही, /एफ पुरे.

तपासणीनंतर निकाल वाचायला विसरू नका. इव्हेंट व्ह्युअर या विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, 'ॲप्लिकेशन' विभागात, 'विनइनिट' नावाने १००१ क्रमांकाची नोंद मिळते. त्यात 'इन बॅड सेक्टर्स' या ओळीपुढे शून्य केबी असेल तर बरं. 'सिस्टिम' विभागात 'डिस्क' नावाने ७ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या, तर त्या खराब ब्लॉकच्या आहेत.

केबल बदलणं

हा उपाय सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. मागच्या उन्हाळ्यात एका टॉवेल कारखान्यात गेलो होतो. शेठ म्हणाले, "सर, आठवड्यापूर्वी फॉरमॅट करून आणलाय, परत तेच चालू झालंय." ऑफिस मागाच्या शेडला चिकटून. माग चालू झाले की टेबलावरच्या चहाच्या कपात बारीक वलयं उठतात. सोमवारी सी७ चा आकडा २ए होता, गुरुवारी २एफ. सी५ दोन्ही वेळा शून्य. मशीन बंद करून, वायर काढून बाजूचा पत्रा उघडला, तर आत कापसाच्या तंतूंची करड्या रंगाची गादी बसलेली. लाल साटा केबलचं डिस्कच्या बाजूचं टोक एका अंगाने केसभर वर आलेलं, आणि फटीत तसेच तंतू. या जुन्या केबलला धरून ठेवणारी पत्र्याची क्लिपच नव्हती. मागाच्या थरथरीने ती रोज थोडी थोडी सरकत असणार.

कोरड्या ब्रशने साफ केलं, क्लिपवाली नवी केबल लावली, मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट घेतला, मग /एफ एकदा चालवली. शे-दीडशे रुपयांत काम झालं. सी७ चा आकडा कधी खाली येत नाही, तो २एफ वरच राहिला, आणि तिथे राहणं हीच बरी बातमी होती. तपासणी पुन्हा आली नाही. टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे घाला असंही सांगितलं, ते त्यांनी लगेच केलं.

लॅपटॉपमध्ये अशी मोकळी केबल बहुधा नसते, त्यामुळे हा मार्ग मुख्यतः टेबलावरच्या मशीनसाठी.

फॉरमॅट

आपल्याकडे नवी पेठेपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत हा सल्ला सर्वांत आधी मिळतो. फॉरमॅटने फाइल-व्यवस्था नवी होते, त्यामुळे तीन-चार आठवडे सगळं ठीक दिसतं. केबल सैल असेल तर ती सैलच राहते, सेक्टर मरत असतील तर मरतच राहतात. वर टॅली, प्रिंटर, ई-मेल, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर सगळं पुन्हा बसवा. डिस्कचे आकडे स्वच्छ आहेत, केबल पक्की आहे, /एफ दोनदा झाली तरी खूण उठतेय, असं असेल तरच मी फॉरमॅटचा विचार करतो, आणि त्याआधी रॅमची तपासणी करतो. विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नॉस्टिक' आहे. खराब रॅममुळे डिस्कवर चुकीचं लिहिलं जाऊ शकतं आणि दोष डिस्कवर येतो.

नवी डिस्क

सी५ वाढतोय, किंवा ०५ महिन्यागणिक चढतोय, तर इथे चर्चा संपते. एसएसडी घ्या. किमती खाली-वर होत असतात, दोन दुकानांत विचारूनच घ्या. फिरते भाग नसल्यामुळे मागाची थरथर तिला जाचत नाही, हा आपल्या शेडमधल्या ऑफिसांसाठी मोठा फायदा. आजारी डिस्कवरून क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करण्याच्या फंदात पडू नका, खराब सेक्टरशी तो मध्येच अडकतो. एसएसडीवर विंडोज नवी बसवा आणि डेटा तेवढा उचलून आणा.

'मशीनच जुनं आहे, त्यात पैसे कशाला घालायचे?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तरी माझं उत्तर 'घाला' असंच असतं, कारण अडीच इंची साटा एसएसडी उद्या नव्या मशीनमध्येही लावता येते. मशीन बदलायचं तर सवडीने बदला. मरती डिस्क तोवर थांबत नाही.

माझा क्रम

प्रत, मग तीन आकडे. सी७ वाढतोय: केबल, नंतर /एफ. सी५ किंवा ०५ वाढतोय: डेटा बाहेर, नवी एसएसडी, /आर नाही. तिन्ही स्थिर: /एफ एकदा, युपीएसची बॅटरी तपासा, आठवडाभर बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तापमानही दिसतं. मे महिन्यात बंद शेडमध्ये हार्डडिस्क ५० अंशांवर गेलेली मी पाहिलीय, तेव्हा मशीन खिडकीच्या उन्हातून आणि भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर काढा.

डिस्क बदललीत तर जुनी दुकानात देऊन टाकू नका. तिच्यावर मार्करने तारीख लिहा, कोरड्या डब्यात ठेवा, आणि त्या वर्षाचं ऑडिट पुरं होईपर्यंत कपाटातून हलवू नका. नव्या डिस्कवर काय आणायचं राहिलं, ते बरेचदा ऑडिटरने एखादं जुनं बिल मागितल्यावरच कळतं.