रस्त्यावरचे मृत्यू : भारत आणि जपान
साताऱ्यात अपघाताचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "आपली लोकसंख्या बघा, आकडा मोठाच असणार!" मग दर लाखामागे बघू. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे लाखामागे सुमारे १२. जपानात त्याच वर्षी २,६१०, लाखामागे जेमतेम दोन. मेख अशी, की जपानचा हा आकडा अपघातानंतर २४ तासांत दगावलेल्यांचा, आपला ३० दिवसांतल्यांचा. त्यांचाही ३० दिवसांचा धरला तर तो तीन हजारांवर जातो. तरी लाखामागे तीनच्या आतच!

जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, हे मला पटत नाही. १९७० साली तिथेही १६,७६५ जण गेले होते. नंतर फूटपाथ, सिग्नल वाढले, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या शिक्षा कडक झाल्या. आपल्याकडे खंबाटकी बोगद्यानंतरचं एस आकाराचं वळण कितीतरी वर्षं जीव घेत राहिलं, तेव्हा कुठे ते टाळणाऱ्या नव्या बोगद्यांचं काम निघालं.

मरणारेही वेगळे. जपानात निम्म्याहून जास्त पासष्टीपुढचे. आपल्याकडे सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे, म्हणजे हेल्मेट आरशाला अडकवून कराडला निघणारे आपलेच कमावते लोक.