समुद्रप्रवाहांची प्रयोगपेटी: खारपाणपट्ट्यातल्या शाळेतला अनुभव

आमची शाळा अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात आहे. सातवीच्या वर्गातील एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नाही. खारे पाणी म्हणजे काय, हे मात्र त्यांना सांगावे लागत नाही. सागरी प्रवाहांचा धडा नकाशावरच्या तांबड्या-निळ्या बाणांवरच संपू नये, म्हणून आम्ही डिसेंबरात १,८५० रुपयांची एक प्रयोगपेटी ऑनलाइन मागवली.

पेटीत अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक टाकी, मधोमध बसवायचा पडदा, खाण्याचे रंग, तापमापी आणि बॅटरीवरचा छोटा पंखा आहे. पडद्याला वर एक व तळाशी एक अशी दोन भोके आहेत आणि पेटीची खरी किंमत या दोन भोकांतच आहे. एका कप्प्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे सरासरी समुद्राइतके, विरघळवून ते पाणी निळे केले, दुसऱ्यात टँकरचे गोडे पाणी भरले आणि दोन्ही बुचे एकदम काढली. निळे पाणी तळाच्या भोकातून पलीकडे सरकू लागले आणि त्याच वेळी वरच्या भोकातून गोडे पाणी अलीकडे येऊन निळ्यावर थरासारखे पसरले. तुर्कस्तानातील बॉस्फरस सामुद्रधुनीतील दुहेरी प्रवाह (वरचे पाणी एका दिशेला, खालचे उलट दिशेला) उलगडण्यासाठी मार्सिली या इटालियन अभ्यासकाने सतराव्या शतकात असाच प्रयोग केला होता. पेटीसोबतच्या पुस्तिकेत त्याचा साधा उल्लेखही नाही. "सर, मंग आपल्या विहिरीतबी पावसाचं गोड पाणी वरच रायते का?" असे एका मुलीने विचारले आणि उरलेला तास त्या विहिरीतच गेला.

पुढच्या तासाला नद्यांकडे वळणे सोपे झाले. वर्धा-वैनगंगेचे पाणी प्राणहिता व गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. अशा मोठ्या नद्यांमुळे तो उपसागर अरबी समुद्रापेक्षा कमी खारा राहतो आणि हिवाळ्यात त्यातले काही पाणी किनाऱ्यालगतच्या प्रवाहाबरोबर श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात शिरते, जिथे आमची पूर्णा तापीतून आधीच पोहोचलेली असते.

पंखा मात्र निरुपयोगी आहे. मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा पालटणारा, आफ्रिकेतील सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा सोमाली प्रवाह त्याने दाखवता आला असता, पण त्याच्या वाऱ्याने पाण्यावरचा लाकडाचा भुसासुद्धा हलेना. शेवटी मुलांनी पुठ्ठ्याने वारा घातला. थंड पाण्याच्या प्रयोगासाठीचा बर्फ रसवंतीवरून थर्मासमध्ये आणावा लागला, त्याचा दोष अर्थात पेटीचा नाही. पुस्तिका केवळ इंग्रजीत आहे, ही उणीव त्याहून मोठी आहे.

सर्वांत त्रास पडद्याच्या रबराने दिला. ते एका कडेने गळत असल्याने बुचे काढण्याआधीच पाणी निळसर होऊ लागले. विक्रेत्याला तीन वेळा कळवूनही उत्तर आले नाही, तेव्हा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवली आणि गळती थांबली. एवढे करूनही त्या दोन भोकांसाठी ही पेटी मी पुन्हा घेईन. फक्त पेटी हाती येताच एका कप्प्यात पाणी भरून रात्रभर ठेवावे आणि परतीची मुदत संपण्यापूर्वी पडदा तपासून घ्यावा.