मृद आरोग्य पत्रिका: खतासाठी उपयुक्त, क्षारपडीसाठी अपुरी

केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून सुरू केलेली मृद आरोग्य पत्रिका हाती पडली की पहिली जाणवते ती तिची सुटसुटीत मांडणी. सामू (आम्ल-विम्लतेचे माप), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ घटकांची नोंद व पिकानुसार खताची मात्रा तीत एकत्र मिळते. सवयीने युरियाच्या गोण्या ओतणाऱ्याने निदान सेंद्रिय कर्बाचा आकडा तरी वाचावाच.

मात्र मिरज, वाळवा, शिरोळ या कृष्णाकाठच्या पट्ट्यात ही पत्रिका तोकडी पडते. भारी काळ्या जमिनीला उसासाठी वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिले गेले, निचऱ्याची सोय झाली नाही, भूजल वर आले आणि बाष्पीभवनाबरोबर क्षार पृष्ठभागावर साचले. अशा क्षारपड रानात हरभऱ्यासारखी कडधान्ये सर्वांत आधी हार मानतात, ऊसही खुरटतो आणि गहू त्या मानाने अधिक तग धरतो. इस्रोच्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशातील सुमारे ९.८ कोटी हेक्टर जमीन ऱ्हास पावलेली होती. त्यात धूप झालेली जमीन मोठी असली, तरी क्षारपड जमिनीचे दुखणे असे की ती एके काळची सर्वांत सुपीक जमीन असते.

पत्रिकेसाठी माती घेतात ती वरच्या १५ ते २० सेंटिमीटरची, त्यामुळे खालच्या थरातील क्षार आणि भूजलाची पातळी कळतच नाही. त्याहून मोठी उणीव सोडियमची. विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम, मोजल्याशिवाय जमीन नुसती क्षारयुक्त आहे की चोपण (सोडियम जास्त झालेली), हे खात्रीने ठरत नाही. चोपण जमिनीला जिप्सम (कॅल्शियमयुक्त खनिज) लागतो, तर केवळ क्षारयुक्त जमिनीत निचरा करून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात, तिथे जिप्समवरचा खर्च वाया जातो. शिवाय सुरुवातीच्या निकषांप्रमाणे बागायतीत अडीच हेक्टरला एकच नमुना घेतला जाई. एवढ्या क्षेत्रात उंचवट्याची चांगली माती आणि सखल भागातील पांढरी पडलेली माती एकत्र आली, तर निघणारी सरासरी कोणाच्याच शेताची नसते.

खताच्या हिशेबासाठी पत्रिका जरूर घ्यावी. रानाला मीठ फुटू लागले असेल, तर मात्र सखल भागाचा नमुना वेगळा काढून, खोलीनुसार थर निराळे ठेवून, विनिमययोग्य सोडियम आणि जिप्समची गरज यांची तपासणी प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे मागावी, आणि त्याच वेळी विहिरीचे पाणीही तपासायला द्यावे.